मांजरीचं बाळंतपण

बाळंतिणीला कसं सांभाळायचं हे मला कुणी शिकवायला येऊ नये, असं मी तोंडावर म्हणत असे आणि ऐकणारी गप्प बसत असे. सिरसाळ्यात आमचं धान्याचं आणि गुळाचं दुकान. गावात कुणी बाळंत झालं की सुईण नाळ कापून, आपली चोळी आणि पदरात ज्वारी घेऊन घरी जायची, आणि पुढचे बारा दिवस बाई माझ्या ताब्यात. बाज कुठं टाकायची, शेक किती द्यायचा, धुरी कशाची, काय खायचं आणि कशाला हात लावायचा नाही, सगळं मी सांगायची. तीस-चाळीस घरांत तरी अशी उभी राहिले असेन. कुणाची सासू कुरकुरली तर तिलाच विचारायची, "मंग मला बोलावलं कशाला? तुमीच करा की." जित्याची खोड, आता म्हातारपणी काय जाणार आहे.

माझा सगळ्यात कडक नियम पाण्याचा. बाळंतिणीला पाणी तोडायचं. पहिले पाच दिवस घोटसुद्धा नाही. मग सुंठ घालून, उकळून निम्मं केलेलं, तेही वाटीभर. पाण्यानं अंगात वारं शिरतं, पोट सुटतं, दूध पातळ होतं, असं माझ्या सासूनं मला सांगितलेलं आणि तिला तिच्या सासूनं. आम्ही गळ्यात लिंग बांधणारे वाणी. विटाळ आमच्यात मानत नाहीत, बाळंतिणीला शिवलं म्हणून कुणी अंघोळीला पळत नाही. असं असून पाण्याचा हा नियम मात्र मी देवापेक्षा जास्त मानला. कावून मानला, असं कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, आम्ही आमच्या मुलखाला मोगलाई म्हणायचो तेव्हाची. त्या वर्षी वैशाखात माझी लेक केजहून बैलगाडीनं माहेरी आली, आठव्या महिन्यात. हे दुसरं. पहिलं बाळंतपणही माझ्याच घरात, माझ्याच हाताखाली झालं होतं. मुलगा झाला होता, चांगला भरलेला. पाचव्या दिवशी तिचं दूध आटलं. कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून पाहिलं. बाराव्या दिवशी, पाळण्यात घालायच्या दिवशीच, लेकरू गेलं. दृष्ट लागली, असं मी म्हणाले. पोरगी नीट खात नव्हती, असंही म्हणाले. दोन्ही चार बायांपुढं म्हणाले, तिच्या देखत.

यावेळी आली ती गप्पच. ताट पुढं ठेवलं की दोन घास खायची आणि बाकीचं मांजरीला घालायची. ही राखाडी पट्ट्यांची मांजरी कुणी आणलेली नव्हती. दुकानातल्या उंदरांच्या मागं आली आणि राहिली. तीही तेव्हा पोटुशी. दोघी दुपारभर ओसरीवर एकमेकींजवळ पडून असायच्या. माझ्याशी बोलायला जिची जीभ वळत नव्हती, ती मांजरीशी मात्र हळूहळू काहीबाही बोलायची. मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, मत्सरच वाटायचा.

माजघराच्या भिंतीत धान्य साठवायचं बळद होतं, उन्हाळ्यात ते रिकामं असायचं. एके दिवशी सकाळी मांजरी त्यात जाऊन बाळंत झाली. लेक सकाळपासून बळदाच्या तोंडाशी बसून होती. उठून माझ्याकडं आली आणि म्हणाली, "माय, चार झाली."

आल्यापासून पहिल्यांदा ती आपणहून माझ्याशी बोलली. मी काही म्हणायच्या आत पुढं म्हणाली, "हिची चारीबी जगली तर माझंबी जगंल."

 असं वंगाळ बोलू नये, वाचा खरी होते, असं मी तिला म्हणाले, पण बोललेलं थोडंच परत घेता येतं? तिनं ते मनात पक्कं धरलंय हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आठवा महिना. एक पिल्लू गेलं तर ही पोर अंथरूण धरणार, आणि मग काय होणार ते मला दिसत होतं. मी पदर खोचला. म्हणाले, "जगतील. मी हाय न्हवं? एकाला बी काही व्हऊ देत न्हाई."

आमचे हे दुकानातून हसले. म्हणाले, "नीट सांभाळ बाई. मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं. तेवढी ऐपत न्हाई आपली."

शेजारची म्हणाली, मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, तिला तिच्या मनानं करू दे. म्हटलं, फिरवील दुसऱ्याच्या घरी. माझ्या घरात बाळंत झाली, आता बारा दिवस हलायची नाही. शिवाय एक काळा बोका मागच्या भिंतीवर टपून बसलेला असायचा, आणि बोका पिल्लं खातो हे कुणाला सांगायला नको. लेकीसाठी मी बाळंतिणीची खोली सारवून ठेवलेली होती, ओसरीच्या भिंतीआडची, बिनखिडकीची. तिथं पोत्यावर जुनं लुगडं अंथरलं, मांजरीला आणि चारही पिल्लांना नेऊन ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. लेकीला बजावलं, "पोटुशीनं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं न्हाई." हाही माझाच नियम.

मग मी रीतसर बाळंतपण सुरू केलं. कोपऱ्यात शेगडी पेटवून ठेवली. सकाळ-संध्याकाळ ओवा आणि बाळंतशेपांची धुरी दिली. लेकीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतला एक कुस्करून पुढं ठेवला. मांजरीनं वास घेतला आणि पंजानं जमीन खरवडून तो पुरायला लागली. इतका अपमान माझ्या लाडवांचा आजवर कुणी केला नव्हता. मग भाकरी तुपात चुरून दिली. दूध दिलं ते आटवून, घट्ट, चमच्यावर उभं राहील असं. पातळ दूध बाळंतिणीला चालत नाही. पाण्याचा तर प्रश्नच नव्हता.

आमच्याकडचा वैशाख ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. माळवदाच्या मातीतून झळ खाली उतरत होती, आणि त्यात मी शेगडी पेटवलेली. दुसऱ्या दिवशी मांजरी तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली. मला वाटलं, अंगात वारं शिरलंय, आणि मी शेगडीत आणखी दोन निखारे घातले. तिसऱ्या दिवशी पिल्लं एकसारखी ओरडत होती. मांजरी त्यांच्याजवळ नव्हतीच. ती कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून भिंत चाटत होती. मातीच्या भिंतीला लोणा सुटतो, मिठासाठी चाटत असेल म्हणून मी दार ओढून घेतलं.

संध्याकाळी आमचे हे हातपाय धुता धुता म्हणाले, "त्या मांजरीला पाणी ठेवलंय का?"

"बाळंतीण हाय ती."

"म्हैस व्याली तवा तर तूच गुळाच्या पाण्याची घागर घेऊन पळत गेलतीस. रेडकाच्या आधी म्हशीला पाणी, म्हणालीस."

"म्हैस जनावर हाय."

"आन ही कोण? आपल्या आळीची सून?"

"तुमी गूळ तोला," म्हणाले, आणि आत गेले. त्यांचं बोलणं मनाला लागलं नाही असं नाही. चुलीपुढं बसल्यावर क्षणभर मी थांबलेही. म्हैस दरवर्षी व्यायची, आणि दरवर्षी मी तिला घागर-घागर पाणी पाजायची, आणि दरवर्षी तिच्या दुधानं चरवी भरून वाहायची. पण चाळीस बाळंतपणं केलेल्या बाईनं नवऱ्याचं ऐकून नियम मोडायचा म्हणजे काय? मी फुंकणी उचलली आणि जाळ फुंकला.

चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर सगळ्यात बारकं पिल्लू गार पडलं होतं. मी ते पदराखाली घेतलं आणि परसात नेऊन पुरलं.  परत आले तर लेक ओसरीवर उठून बसलेली. "कशी हायेत गं समदी?"

"ठणठणीत," मी म्हणाले. "चारीबी."

चुलीपाशी जाऊन मी आणखी दूध आटवायला ठेवलं. उरलेली तीन काही झालं तरी जगवायची होती. मला दुसरा उपायच ठाऊक नव्हता, म्हणून आहे तोच जोर लावून करत होते. दूध ढवळता ढवळता वाटलं, घरात फार शांतता आहे. ओसरीवर येऊन पाहते तर लेक जागेवर नाही, आणि बाळंतिणीच्या खोलीची कडी काढलेली.

ती आत भिंतीला टेकून खाली बसली होती, पोट सावरत. मांजरी त्याच कोपऱ्यात भिंत चाटत होती. लेक पिल्लांकडं बघत नव्हती, मांजरीकडं बघत होती. मी दारातून ओरडणार तेवढ्यात ती उठली, माझ्या बाजूनं बाहेर गेली, ओसरीवरच्या रांजणातून मातीचा परळ भरून पाणी काढलं आणि आणून मांजरीपुढं ठेवलं.

"अगं काय करतीस? बाळंतीण हाय ती!"

मांजरीनं परळात तोंड घातलं. प्याली, प्याली, थांबेचना. परळ रिकामा झाला तशी लेकीनं आणखी पाणी आणलं. तेही प्याली. तेव्हा कुठं ती वळून पिल्लांपाशी गेली आणि आडवी झाली.

लेक माझ्याकडं न बघता म्हणाली, "माय, तवा मीबी हीच भित चाटायची."

मला आधी कळलंच नाही. म्हणाले, "कवा?"

"बाळ झालं तवा. पलीकडं रांजण हाय न्हवं? हितं ओल येती. तू शेगडी भरायला गेलीस की मी बाजेवरनं वाकून जीभ लावायची. तुला पाणी मागितलं की तू वरडायचीस. मंग मी मागायचं सोडलं."

मी उंबऱ्यातच बसले. तीन-चार वर्षं हे तिनं पोटात ठेवलं होतं, आणि मी बायांपुढं सांगत फिरत होते की पोरगी नीट खात नव्हती.

तिनं पिल्लं मोजली. "चौथं कुठं हाय?"

"गेलं. सकाळी."

"मला चारी म्हणालीस."

"हो."

मला वाटलं, आता ही कोसळणार. चारही जगली तर माझं जगेल, असं हीच म्हणाली होती. मी तिला धरायला उठले. पण ती कोसळली नाही. पिल्लांच्या अंगावरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "तहानेनं गेलं ते. माझंबी तहानेनंच गेलं. दृष्ट न्हवती माय." मग म्हणाली, "आता पोटातलं न्हाई मरायचं."

ती बाहेर गेल्यावर मी दार लोटून घेतलं, गुडघ्यावर बसले आणि त्या कोपऱ्यात भिंतीला जीभ लावली. ओल होती, पण पाणी नव्हतं. मातीची चव आली आणि तोंड आणखी कोरडं पडलं. मी तिथं बसून रडले. जे लेकरू मी मारलं त्याच्यासाठी रडले, आणि लेकीसाठी रडले. कुणाला दाखवायला नाही, आणि कुणी बघितलंही नाही.

रडून झालं तशी उठले. शेगडी बाहेर काढली आणि विस्तव परसात ओतला. दार सताड उघडं टाकलं. बोका टपलेला होताच, म्हणून हातात काठी घेऊन दारात मीच बसले. आटवलेलं दूध फेकून दिलं, ताजं आणलं, त्यात निम्मं पाणी घातलं. मांजरीचं दूध उतरेपर्यंत तिन्ही पिल्लांना कापसाच्या वातीनं दूध पाजलं. कापूस हातात घेतला की त्या पहिल्या लेकराचं तोंड डोळ्यांपुढं यायचं. दर वेळी यायचं, आणि दर वेळी मी पुढची वात भिजवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लं मांजरीच्या पोटाला चिकटली ती सुटेचनात. लेकीनं वाकून बघितलं. एका पिल्लाच्या तोंडाला पांढरा थेंब होता. तिनं मला हाक मारून तो दाखवला.

त्यानंतर मांजरीनं एकेक पिल्लू तोंडात धरून ती खोली सोडली. मी अडवलं नाही. तिनं ती कुठल्याही सात घरी नेली नाहीत. ओसरीवर, रांजणाच्या मागच्या गारव्यात नेऊन ठेवली. मी बघत राहिले, आणि संध्याकाळी लेकीची बाजही त्या अंधाऱ्या खोलीत न टाकता ओसरीवर, रांजणाशेजारी टाकली. चहूबाजूंनी लुगड्यांचा आडोसा केला. आमचे हे म्हणाले, "ओसरीवर बाळंतीण? लोक काय म्हणतील?"

"लोकांना माझ्याकडं पाठवा," मी म्हणाले.

ज्येष्ठात ती बाळंत झाली. मुलगी झाली. सुईणीनं नाळ कापली, हात धुतले आणि सवयीनं म्हणाली, "पाच दिस पाणी तोडा."

"न्हाई तोडायचं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुमी असं म्हणता? समद्या गावाचं पाणी तुमीच तोडलंय."

"म्हणूनच म्हणते." मी तांब्या भरला आणि लेकीच्या ओठाला लावला. सुईण म्हणाली, पोट सुटंल, लेकराला सर्दी होईल, मग माझ्या नावानं बोंब मारू नका. म्हटलं, नाही मारणार, झालं तर मी माझ्याच नावानं मारीन. ती चोळी घेऊन गेली आणि दुपारपर्यंत गावभर झालं की वाण्याच्या बाईचं डोकं फिरलंय.

मला भीती वाटत नव्हती असं नाही. पहिले पाच दिवस मी धड झोपले नाही. नातीचा श्वास ऐकायची, लेकीच्या कपाळाला हात लावायची. सासूचं बोलणं कानात होतं: पाण्यानं दूध पातळ होतं. पाचवा दिवस आला. त्या दिवशी मी सकाळपासून देवापुढचा दिवा विझू दिला नाही. लेकीची चोळी दुधानं भिजली होती. नात पीत होती, थांबत होती, पुन्हा पीत होती. लेक दर घटकेला पाणी मागायची. मोठ्यानं मागायची, बाजारात सौदा मागावा तसं, आणि मी चुलीवरचं टाकून उठायची.

बाराव्या दिवशी बारसं. पाळणा बांधला, गावातल्या बाया आल्या, ओसरी भरून गेली. त्यातल्या अर्ध्या माझ्या हाताखालून गेलेल्या. त्या बसतात न बसतात तोवर सगळ्यांदेखत लेक म्हणाली, "माय, पाणी दे."

 मी उठले, रांजणातून तांब्या भरला आणि तिच्या हातात दिला. ती डोकं मागं टाकून घटाघट प्याली. मी तिच्याशेजारी उभी राहून बायांच्या तोंडांकडं बघत होते, कुणी काही बोलायची वाट बघत.

बोलली ती तेल्याच्या घरची सून. दोन बाळंतपणं तिची माझ्या हाताखाली झाली होती. पहिलं लेकरू महिन्यात गेलं होतं, आणि तेव्हाही मी दृष्टच म्हणाले होते. ती हळूच म्हणाली, "काकू, मंग आमचं पाणी कावून तोडलं व्हतं?"

सासूनं सांगितलं होतं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "चुकलं माझं."

 ती उठली, लेकीच्या हातातला रिकामा तांब्या घेतला, रांजणापाशी जाऊन काठोकाठ भरला आणि माझ्यापुढं उभी राहून सगळा प्याली.